चांदी, पिरिडीन आणि एक पातळ पापुद्रा

दिवाळीआधी चांदीची भांडी घासायला बसलं की दरवर्षी तोच वैताग. कपाटात नुसती ठेवलेली वाटीसुद्धा काळी पडलेली. हवेतल्या गंधकाची करणी! हाच वैताग शास्त्रज्ञांनाही छळत होता, हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

रामन आणि कृष्णन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेल्या परिणामामुळे विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखता येतो. पण हा प्रकाश भलताच क्षीण. कोटीभर प्रकाशकणांत जेमतेम एखादा.

१९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला, त्यावर पिरिडीन बसवलं, आणि संदेश चक्क ठळक आला. (हेच ते फ्लाइशमन. लोकांना त्यांचं १९८९चं 'शीत संमीलन' तेवढं आठवतं, हे मला नेहमी खटकतं.) त्यांना वाटलं, पृष्ठभाग वाढला म्हणून जास्त रेणू बसले. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेर आणि व्हॅन डाइन यांनी, तर इंग्लंडात अल्ब्रेक्ट आणि क्रेटन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हिशेब जुळत नाही. वाढ लाखो पटींची होती! चांदीतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि पृष्ठभागालगतचं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढवतात.

पण उघडी चांदी काळवंडते, शिवाय रेणूला चिकटून त्याचंच रूप बदलते. झाकावी, तर ते क्षेत्र काही नॅनोमीटरांतच विरून जातं. म्हणजे पांघरूण हवं, पण जवळजवळ नसल्यासारखं. २००६ मध्ये व्हॅन डाइन यांच्याच गटाने चांदीच्या थरावर एक नॅनोमीटरहूनही पातळ ॲल्युमिना चढवला. तो पृष्ठभाग किमान नऊ महिने टिकला. (माझी वाटी दोन महिनेही टिकत नाही.) २०१० मध्ये चीनमधल्या शियामेन विद्यापीठात त्यान झोंगछुन यांच्या गटाने सोन्याच्या कणांना सुमारे दोन नॅनोमीटरचं सिलिकाचं कवच दिलं, ते कण संत्र्याच्या सालीवर पसरले आणि कीटकनाशक ओळखलं. पुढे चांदीच्या कणांवरही तेच झालं.

मला सगळ्यात आवडली ती कवचाची परीक्षा. कवचाला सुईच्या टोकाएवढंही भोक चालत नाही. ते तपासायला कणांवर पिरिडीनच घालतात, १९७४चंच. ते सिलिकाला फारसं धरत नाही, धातूला मात्र घट्ट धरतं. संदेश आला तर कुठेतरी गळती आहे. नाही आला, तर कण पास.