व्यापारी, कारभारी आणि परवाना

परदेशीं व्यापार करणाऱ्या पेढीला माल पाठविणें सोपें असतें. माणूस पाठविणें कठीण. मालावर जकात भरली कीं तो बंदराबाहेर पडतो. हुंडी तर नुसत्या कागदाच्या रूपानें समुद्र ओलांडते. परंतु त्या मालाची विक्री पाहण्यासाठीं, हिशेब तपासण्यासाठीं आणि पेढीचें नांव राखण्यासाठीं जो भरंवशाचा मुनीम पाठवावयाचा, त्याला परक्या देशाच्या दाराशीं थांबवून तीन प्रश्न विचारले जातात : तूं कोण? यापूर्वीं काय करीत होतास? आणि येथें येऊन काय करणार? आज मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत एखाद्या मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला हे प्रश्न विचारले जातात. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर उतरणाऱ्या चिनी दुकानदारालाहि हेच विचारले जात होते. मधल्या काळांत कायदे बदलले, शब्द बदलले, आगबोटीच्या जागीं विमान आलें. पण प्रश्नांचा गाभा पुष्कळसा तोच राहिला. त्याची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळांत अमेरिकेंत येणाऱ्या माणसाला फारशी अडवणूक नव्हती. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें तेव्हां चिनी लोक तेथें आले. पुढें डोंगर फोडून लोहमार्ग नेण्याचें काम निघालें, त्यावर हजारों चिनी मजूर राबले. काम संपलें, मंदी आली, आणि ज्यांच्या श्रमानें मार्ग झाला तेच लोक गोऱ्या मजुरांच्या डोळ्यांत सलूं लागले. अखेर १८८२ सालीं चिनी मजुरांस दहा वर्षें प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. मुदत संपतांच ती वाढविण्यांत आली, आणि पुढें तर बंदी कायमचीच झाली.

परंतु या कायद्याच्या भिंतींत एक दिंडी ठेवलेली होती. चीनशीं चालणारा व्यापार अमेरिकेला हवा होता. म्हणून १८८० च्या तहाप्रमाणें व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी यांना बंदींतून वगळण्यांत आलें. म्हणजे माणूस एकाच गांवचा, एकाच भाषेचा. पण खांद्यावर कुदळ असेल तर त्याला दार बंद आणि हातांत जमाखर्चाची वही असेल तर उघडें. येथूनच एक नवा वाद उत्पन्न झाला : व्यापारी म्हणावयाचें कोणाला?

त्याचें उत्तर १८९३ सालच्या कायद्यानें दिलें. ज्याचें ठराविक ठिकाणीं दुकान आहे, जो मालाची खरेदी-विक्री करतो, ज्याच्या नांवावर धंदा चालतो, आणि धंद्याला आवश्यक तेवढें सोडून जो दुसरें अंगमेहनतीचें काम करीत नाहीं, तो व्यापारी. शिवाय असा व्यापारी मायदेशीं जाऊन परत येऊं लागला, तर जाण्यापूर्वीं निदान एक वर्ष तो व्यापारीच होता आणि त्या वर्षांत त्यानें मजुरी केली नाहीं, असें दोन विश्वसनीय साक्षीदारांनीं सांगावें लागे. साक्षीदार चिनी असतां कामा नये, ही त्यांतील अट. आपल्या आळींत जन्मभर वावरलेल्या माणसाची प्रतिष्ठा परक्यांच्या साक्षीवर टांगलेली राहिली.

ही व्याख्या लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याच भोंवतीं फिरतो. तिच्यांत दोन गोष्टी आहेत. एक, वर्षभराची पूर्वपीठिका. दुसरी, हातांनीं काम न करणें. लहान दुकानांत ही दुसरी अट पाळणें किती कठीण, हें कोणताहि किराणा व्यापारी सांगेल. पोतें उचलावयाचें कोणीं? दुकान झाडावयाचें कोणीं? मालक स्वतः हात लावतो म्हणूनच लहान दुकान चालतें. परंतु अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें हात लावणारा मालक हा मजूर होण्याचा संभव होता. उपाहारगृहांच्या बाबतींत तर हा प्रश्न फारच अवघड झाला, कारण तेथें पदार्थ विकले जातात तसे शिजविलेहि जातात. १९१५ सालीं एका न्यायालयानें उपाहारगृहाच्या मालकालाहि व्यापारी मानलें. मग अनेक भागीदारांनीं भांडवल एकत्र करून मोठीं उपाहारगृहें काढावीं, आणि एकेकानें पाळीपाळीनें वर्ष-दीड वर्ष व्यवस्थापक व्हावें, असा मार्ग निघाला. त्या काळांत व्यवस्थापकानें ताटें उचलावयाचीं नाहींत आणि गल्ल्यावरहि बसावयाचें नाहीं. अमेरिकन शहरांतून चिनी उपाहारगृहें वाढलीं, त्याचें एक कारण या कायद्यांत आहे.

व्यापाऱ्याच्या मागोमाग त्याच्या कुटुंबाचा प्रश्न आला. १९०० सालीं वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, व्यापाऱ्याला येण्याचा हक्क असेल तर त्याच्या पत्नीला व अज्ञान मुलांना निराळा दाखला नको. त्यांचा हक्क त्याच्या हक्कांतूनच निघतो. पुढें १९२४ चा कडक कायदा आला आणि हा वाद पुन्हां उपस्थित झाला. २५ मे १९२५ या एकाच दिवशीं न्यायालयानें दोन निकाल दिले. चिनी व्यापारी हा परका. पण तहाच्या आधारें त्याची पत्नी येऊं शकते, असा एक. अमेरिकेचा नागरिक असलेल्या चिनी वंशाच्या माणसाची चिनी पत्नी मात्र येऊं शकत नाहीं, असा दुसरा. परक्याचा संसार जुळला आणि स्वकीयाचा तुटला! १९३० सालीं या अन्यायाचें अंशतः निवारण झालें. परंतु पेढीच्या सोईसाठीं केलेली सवलत कधीं कधीं नागरिकत्वाहूनहि बळकट ठरते, हें त्या दिवशीं दिसून आलें.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें आणखी एक प्रवाह वाहत होता. १८८५ सालीं अमेरिकेनें परदेशांतून करारानें माणसें आणण्यास मनाई केली. कारखानदार बाहेरून स्वस्त मजूर आणून स्थानिकांची मजुरी पाडतात, ही त्यामागील तक्रार. कायद्याचे शब्द मात्र एवढे व्यापक होते कीं, त्यांत कोणतेंहि श्रम आणि कोणतीहि सेवा यावी. न्यूयॉर्क येथील होली ट्रिनिटी चर्चनें इंग्लंडांतून एक धर्मोपदेशक करारानें बोलाविला, तेव्हां सरकारनें चर्चवरच दंडाचा दावा लावला. १८९२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फेटाळला. शब्दांत धर्मोपदेशक बसत असला तरी कायद्याचा रोंख अंगमेहनत करणाऱ्यांवर आहे, बुद्धीनें काम करणाऱ्यांवर नाहीं, असें न्यायालय म्हणालें. हात आणि डोकें यांमधील भेद अशा रीतीनें न्यायशास्त्रांतहि रुजला.

हिंदी माणसाला या इतिहासाची झळ १९१७ सालीं लागली. त्या वर्षींच्या कायद्यानें आशियाखंडाच्या फार मोठ्या भागास, त्यांत हिंदुस्थानासहि, प्रवेशबंदी केली. पण व्यापारी, शिक्षक, वैद्य, विद्यार्थी इत्यादिकांस येथेंहि सूट होती. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाहीं असें ठरलें, आणि नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना स्थायिक होण्यासाठीं येऊं न देण्याचा नियम १९२४ सालीं झाला. तहाच्या आधारें व्यापारासाठीं येणाऱ्यांचा वर्ग त्या कायद्यानेंहि निराळा ठेवला होता. हिंदी लोकांवरील बंदी १९४६ सालीं उठली, तीहि वर्षाला शंभर माणसांपुरतीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापाराचें रूपच पालटलें. पूर्वीं व्यापारी स्वतःच्या नांवानें दुकान मांडीत असे; आतां एकाच कंपनीच्या शाखा दहा देशांत पसरल्या आणि तिचे पगारी कारभारी एका शाखेंतून दुसरींत बदलून जाऊं लागले. असा कारभारी मालक नव्हता, मजूरहि नव्हता. जुन्या कायद्याच्या चौकटींत त्याला जागा नव्हती. तात्पुरत्या कामासाठीं येणाऱ्यांचा एक वर्ग १९५२ च्या कायद्यांत होता; परंतु त्यांत कामच तात्पुरतें असावें लागे, आणि शाखेच्या प्रमुखाची जागा तर कायमची. तरी युरोपियन कंपन्यांचें फारसें अडत नसे. ब्रिटनसारख्या देशाला मिळालेला वार्षिक वांटा पुरता वापरलाहि जात नसल्यामुळें, कारभाऱ्याला सरळ कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळे.

१९६५ सालीं हें सर्व बदललें. राष्ट्रवार वांट्याची जुनी पद्धत मोडून आप्तसंबंध व कौशल्य यांना प्राधान्य देणारा कायदा झाला आणि तो १९६८ पासून पूर्णपणें अमलांत आला. आशियांतील लोकांना त्यानें न्याय दिला; परंतु युरोपांतील कंपन्यांच्या कारभाऱ्यांना इतरांबरोबर रांगेंत उभें केलें. शाखा आज उघडावयाची आणि तिचा प्रमुख केव्हां पोंचेल याचा नेम नाहीं, अशी अवस्था झाली. कंपन्यांनीं गाऱ्हाणें मांडलें, आणि ७ एप्रिल १९७० रोजीं अध्यक्ष निक्सन यांच्या सहीनें कायद्यांत दुरुस्ती होऊन 'एल' नांवाचा नवा वर्ग निर्माण झाला.

या वर्गाच्या अटी वाचतांना १८९३ ची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. उमेदवारानें त्याच कंपनींत परदेशीं लागोपाठ एक वर्ष काम केलेलें असावें. आणि अमेरिकेंत त्याच कंपनीच्या किंवा तिच्याशीं संलग्न असलेल्या संस्थेच्या सेवेंत कार्यकारी अधिकारी, व्यवस्थापक किंवा विशेष ज्ञान असलेला माणूस म्हणून यावें. तेंच एक वर्ष, आणि तोच भेद! फक्त व्यापाऱ्याच्या जागीं कारभारी आला. साक्षीदारांच्या जागीं कंपनीचीं पत्रें, पगारपत्रकें आणि कोण कोणाच्या हाताखालीं आहे हें दाखविणारे तक्ते आले.

भारताच्या दृष्टीनें या वर्गाला विशेष महत्त्व आहे. ज्या देशांशीं अमेरिकेचे तसे तह आहेत, तेथील व्यापारी व भांडवलदार तहाच्या परवान्यावर जाऊं शकतात. भारताशीं असा तह नाहीं. त्यामुळें मुंबई, पुणें, बंगळूर येथील कंपन्यांनीं अमेरिकेंत कचेऱ्या उघडल्या, तेव्हां आपले अधिकारी पाठविण्यास त्यांना 'एल' हाच एक प्रमुख मार्ग होता.

२९ नोव्हेंबर १९९० रोजीं अध्यक्ष बुश यांनीं सही केलेल्या कायद्यानें या इतिहासाचा पुढचा टप्पा गांठला. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना व व्यवस्थापकांना कायमच्या वास्तव्यासाठीं अग्रक्रमाच्या पहिल्या वर्गांत जागा मिळाली. त्यांच्या जागेवर काम करण्यास स्थानिक माणूस मिळत नाहीं, हें सिद्ध करण्याचें बंधनहि त्यांच्यावर नव्हतें. तात्पुरत्या 'एल' परवान्यावर त्यांना सात वर्षेंपर्यंत राहतां येऊं लागलें, विशेष ज्ञानवाल्यांना पांच. वर्षभराची नोकरी मागील तीन वर्षांत केव्हांहि झालेली चालूं लागली. कायम राहण्याची इच्छा मनांत आहे, एवढ्याच कारणानें त्यांचा परवाना नाकारला जाऊं नये असेंहि ठरलें.

याच कायद्यानें व्यवस्थापक कोणाला म्हणावें तेंहि सांगितलें. जो संस्था, तिचें खातें किंवा तिचें एखादें महत्त्वाचें कार्य सांभाळतो. जो इतर देखरेख करणाऱ्यांवर किंवा सुशिक्षित व्यावसायिकांवर देखरेख ठेवतो. ज्याला माणसें नेमण्या-काढण्याची शिफारस करतां येते, तो व्यवस्थापक. साध्या कामगारांवरील मुकादम त्यांत बसत नाहीं. पदाच्या नांवाला तर कांहींच किंमत नाहीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा प्रकार परीक्षकाला लगेच दिसतो, कारण तो दिवसाचे किती तास कोणत्या कामांत जातात तें विचारतो. माल तयार करण्यांत किंवा प्रत्यक्ष सेवा देण्यांतच ज्याचा मुख्य वेळ जातो तो व्यवस्थापक नव्हे. चार माणसांची नवी कचेरी चालविणारा अधिकारी येथें पेंचांत सांपडतो. त्याला पत्रेंहि लिहावीं लागतात, गिऱ्हाइकांकडेहि जावें लागतें. आणि नव्या कचेरीसाठीं पहिला परवाना तर वर्षापुरताच मिळतो. पोतें उचलणाऱ्या चिनी दुकानदाराची अडचण त्याच्याहि वांट्याला येते.

कुटुंबाचा प्रश्नहि पुन्हां उभा राहिलाच. कारभाऱ्याबरोबर पत्नी जाऊं शके, पण २००२ सालापर्यंत तिला तेथें नोकरी करण्याची मुभा नव्हती. स्वदेशांत डॉक्टर किंवा शिक्षिका असलेली बाई तेथें केवळ कोणाची तरी पत्नी होऊन राही. त्या वर्षीं हा निर्बंध उठला. पण मुलें एकवीस वर्षांचीं झालीं कीं बापाच्या परवान्याची सावली त्यांच्यावरून सरते. नोकरी सुटली तर कारभाऱ्याचाहि आधार जातो. २०१७ पासून त्याला नवी व्यवस्था करण्यास फार तर साठ दिवसांची सवड आहे. कायमच्या परवान्यांत तर जन्मदेशानुसार मर्यादा आहे. साधारणपणें एका देशास एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वांटा नाहीं. त्यामुळें भारतांत जन्मलेल्या कारभाऱ्यांना अलीकडच्या वर्षांत या पहिल्या वर्गांतहि थांबावें लागलें आहे.

सवलतीच्या गैरवापराची तक्रारहि खोटी नव्हती. विशेष ज्ञानाच्या नांवाखालीं आणलेलीं माणसें दुसऱ्याच कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसविलीं जातात, असा बोभाटा झाला, तेव्हां २००४ च्या कायद्यानें त्यावर निर्बंध घातला. आणि जून २०२० मध्यें, महामारीच्या काळांत, अध्यक्ष ट्रंप यांनीं 'एल' वर्गांतील नव्या माणसांचा प्रवेश तहकूब केला. ती तहकुबी मार्च २०२१ अखेरपर्यंत टिकली. ज्या दिंडीला कोणी हात लावीत नसे, तिलाहि कडी घालतां येते, हें तेव्हां कळून आलें.

या दीर्घ इतिहासाकडे पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. राष्ट्रें दार लावतात तेव्हां तें क्वचितच सर्वांना सारखें लावतात. ज्याच्यामुळें व्यापार वाढेल त्याच्यासाठीं फट ठेवतात. त्यांत राष्ट्राचा स्वार्थ आहे आणि तो समजण्यासारखाहि आहे. परंतु ती फट मोजण्याचें माप मात्र विचार करण्याजोगें आहे. ज्या लोहमार्गानें अमेरिकेच्या व्यापाराचे डबे धांवले, तो घालणाऱ्या हातांना बंदी झाली आणि त्यावरून माल नेणाऱ्याला सवलत मिळाली. आजहि परीक्षक कारभाऱ्याला विचारतो तें हेंच, कीं तूं स्वतः काम करतोस, कीं दुसऱ्यांकडून करवून घेतोस? पहिलें उत्तर दिलें तर परवाना जातो. श्रमाची थोरवी सर्वच देशांत गाइली जाते. दारावरच्या नोंदवहींत मात्र तिची नोंद अद्याप उलट्या बाजूलाच होते.