वाळा: आंधळा की दुतोंडी?

मराठीत ‘वाळा’ म्हणजे तान्ह्या मुलाच्या पायातले कडे, सुगंधी गवताची मुळी आणि कुंडीच्या मातीत गांडुळासारखा वळवळणारा निरुपद्रवी सापही. यांपैकी कड्याचा वाळा संस्कृत ‘वलया’तून आला. शास्त्रीय परिभाषेने मात्र ग्रीक ‘टिफ्लॉस’, म्हणजे आंधळा, या शब्दावरून सापाला ‘टिफ्लॉप्स’ ठरवले, जे थोडे अन्यायाचेच, कारण खवल्यांखालच्या त्याच्या ठिपक्याएवढ्या डोळ्यांना उजेड-अंधार कळतो. सर्प-अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली नोंदवलेल्या या सापाच्या तेलुगू नावाचा अर्थ ‘दोन डोक्यांचा साप’ असा आहे, कारण त्याची शेपटी तोंडासारखीच बोथट असते. आज ग्रंथांत ‘इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस’ हे नाव रूढ असून बोलण्यात ‘वाळा’ टिकून आहे, तरी घरोघरी ‘सापाचे पिल्लू’ हाच शब्द आधी उच्चारला जातो.