एटीकेटी

काही विषयांत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू देणारी, महाराष्ट्रातील विद्यापीठांत रुळलेली सवलत. 'अलाउड टू कीप टर्म्स'चे लघुरूप. ती किती विषयांपर्यंत मिळते, हे विद्यापीठ ठरवते. नोकरी सांभाळून बी.कॉम. करणाऱ्यांना तिचा मोठा आधार असतो आणि ती न्याय्यच आहे. राहिलेल्या विषयासाठी वेगळा परीक्षा अर्ज व शुल्क भरावे लागते. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला मात्र साधारणपणे पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटलेले लागतात. अकाउंटन्सीचा एखादा पेपर अडकून वर्ष वाया जाते ते इथेच. हजेरीची अट या सवलतीने सुटत नाही. मुंबई विद्यापीठात ती ७५ टक्के असून कमी भरल्यास नाव डिफॉल्टरांच्या यादीत लागते. नियम परिपत्रकांनुसार बदलतात, म्हणून आपल्या तुकडीला लागू असलेला नियम परीक्षा विभागात विचारून घ्यावा.