तुळईचं टोक
लाकूडसंरक्षणाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

माळवद पाडत नाहीत, उतरवतात. आधी वरची पांढरी माती खोऱ्यानं ओढायची, मग किलचं काढायची, मग सर, आणि शेवटी दोरखंड लावून तुळई. सेनगावात आमच्या वाड्याचं माळवद असंच उतरवलं तेव्हा लिंबाची एक तुळई अंगणात आडवी पडली होती. घरात दिसणारा तिचा सगळा भाग ठणठणीत होता. चुलीच्या धुरानं काळा पडलेला, पण हातोडी मारली की खणखणीत आवाज येणारा. भिंतीत गेलेलं वीतभर टोक मात्र विटेच्या भुग्यासारखं झालं होतं, तपकिरी आणि चौकोनी भेगांनी तडकलेलं. बोट घातलं तर आत गेलं. त्याच घरातले खांब दगडी उथळ्यांवर उभे होते आणि त्यांच्या बुंध्याला साधी ओलही लागलेली नव्हती.

घर एक, वय एक, सुतारही बहुधा एकच. तरी टोक मेलं आणि खांब जगला. हे असं का झालं, असा प्रश्न ज्याला पडला तो या विषयाच्या उंबऱ्यावर आला असं समजावं. आत यायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ती मागून मिळवता येते.

माळवद उतरवायला आलेले म्हातारे सुतारकाका तेव्हा म्हणाले होते, ‘‘सर, पाण्यानं लाकूड सडत न्हाई. पाणी अडलं की सडतंय.’’ मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस. मला ते वाक्य आधी उलटसुलट वाटलं. पण त्यांच्या बोलण्याला आधार होता. गाडीच्या चाकासाठी तोडलेली बाभूळ ही मंडळी मुद्दाम डोहाच्या पाण्यात, गाळात महिनोन् महिने बुडवून ठेवत. बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय बुरशी जगत नाही. वर लाकडातलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरून जातं, त्यामुळे भुंगेऱ्यांनाही पुढे त्यात गोडी राहत नाही.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, ऊब, हवा आणि पाणी. अन्न म्हणजे खुद्द लाकूड, ते काढून घेता येत नाही. मराठवाड्यात ऊब कमी करणं कोणाच्या हातात नाही. हवेचंही तेच. उरलं पाणी. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. उथळ्यानं नेमकं हेच साधलं होतं, जमिनीची ओल खांबापर्यंत चढूच दिली नाही. आणि मातीच्या जाड भिंतीनं तुळईच्या टोकाशी नेमकं उलटं केलं. चार महिने ओल धरून ठेवली आणि उरलेले आठ महिने ती हळूहळू सोडली. कुंपणाचा डांब जमिनीलगतच का मोडतो, याचंही उत्तर इथेच आहे. खोलवर हवा कमी, वर ओल कमी. दोन्ही पुरेशा मिळतात त्या जागी डांब कुजतो.

कोरडेपणा किती टिकवतो याचा महाराष्ट्रातला सगळ्यात जुना पुरावा कार्ले आणि भाजे इथल्या लेण्यांत आहे. चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या मूळ लाकडी फासळ्यांपैकी कित्येक सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. बाहेर सह्याद्रीचा पाऊस कोसळतो आणि आत कातळाखाली सागवान कोरडं राहतं. त्याला कोणी औषध लावलेलं नाही. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेत जाण्याआधी एकदा कार्ल्याला जाऊन मान वर करून यावं, असं मला वाटतं.

आता वाळवी, म्हणजे आमच्याकडची उधई. काळ्या रानात तिचे जे वंश जास्त दिसतात ते लाकूड खातात खरे, पण पचवायला बुरशीची मदत घेतात. चावलेल्या लाकडाचा चोथा वारुळात रचून त्यावर बुरशीची शेती करतात आणि ती खातात. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या छत्र्या या शेतीतल्याच. म्हणजे कुजणं आणि वाळवी लागणं यांना आपण दोन वेगळ्या आपत्ती मानतो, पण आतून त्यांचं नातं आहे.

सागाला वाळवी लागत नाही, असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला आणि बुरशीला नकोशी. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात मात्र ती नसतात. मी स्वतः एकदा सागाची म्हणून चौकट घेतली. तिची एक कड पांढरी होती, मी दुर्लक्ष केलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती कड रंगाच्या पापुद्र्याआड पोकळ झाली होती. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. शिकवणारा मी होतो. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणारे वाडिया घराण्यातले कारागीर असल्या चुका करत नसावेत. त्यांनी मलबारी सागवानात बांधलेली, 1817 साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे.

सगळ्यांना साग परवडत नाही, इंग्लंडलाही परवडत नव्हता. म्हणून औषधांचा इतिहास सुरू झाला. तिथल्या कायन नावाच्या संशोधकानं 1832 मध्ये पाऱ्याच्या क्षारात लाकूड बुडवायची पद्धत काढली. बेथेल नावाच्या दुसऱ्या संशोधकानं 1838 मध्ये लोखंडी नळकांड्यात लाकूड ठेवून आधी त्यातली हवा ओढून घ्यायची आणि मग कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल दाबानं आत घुसवायचं पेटंट घेतलं. या तेलाचं नाव क्रियोसोट. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांजवळ जाऊन वास घेतलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. बेथेल यांची खरी देणगी तेल नव्हे, दाब आहे. वरून फासलेलं औषध लाकडाच्या अंगावर बसतं, अंगात जात नाही. डांबाच्या बुंध्याला जळकं ऑइल चोपडणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांचा अनुभव तोच सांगतो. पहिली भेग पडली की पाणी थेट औषध न लागलेल्या लाकडाला भिडतं.

यानंतरची मोठी गोष्ट भारतात घडली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ती मला कधी सापडली नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या संशोधकानं 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक पाण्यात विरघळणारं मिश्रण तयार केलं. आपल्या बोलीत सांगायचं तर मोरचूद आणि सोमल यांचा संसार, आणि तो टिकवून धरणारं क्रोमियम. तांबं बुरशीला मारतं. तांब्याला दाद न देणाऱ्या बुरश्या आणि वाळवी यांच्यासाठी आर्सेनिक. पण हे दोन्ही पावसात धुऊन गेले असते. कामेसम यांची कल्पकता तिसऱ्या घटकात आहे. लाकडात शिरल्यावर क्रोमियमचं रासायनिक रूप पालटतं आणि त्या बदलात ते तांब्याला नि आर्सेनिकला लाकडाच्या तंतूंशी जखडून टाकतं. पाण्यातून आत गेलेलं औषध आत गेल्यावर पाण्यात विरघळेनासं होतं. इतकी नेटकी युक्ती या सबंध शास्त्रात मला दुसरी दिसत नाही. ‘अस्क्यू’ या नावानं ते विकलं गेलं आणि पुढची सत्तर वर्षं जगभरच्या खांबांत, पुलांत, परसदारच्या ओट्यांत शिरलं.

मग 2003 च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबवलं. युरोपानंही पाठोपाठ निर्बंध घातले. लहान मुलं ज्या ओट्यांवर रांगतात त्यांतून आर्सेनिक थोडं थोडं का होईना सुटतं, ही तिथली चिंता. पुढच्या प्रकरणांत त्या वादाचे दोन्ही पक्ष सविस्तर येतील. इथे मला फक्त सेनगावचा पक्ष मांडायचा आहे, कारण तो त्या चर्चेत अभावानंच ऐकू येतो.

आमच्याकडे लाकूड फेकून देत नाहीत. माळवदाच्या तुळईची चौकट होते. चौकट कुजली की धड उरलेल्या तुकड्याची खुंटी, गोठ्याची मेख, वांग्याच्या वाफ्याला आडवी फळी. आणि तेही संपलं की चूल. चुलीतली राख भांडी घासायला जाते, डाळीला कीड लागू नये म्हणून डब्यात मिसळली जाते, रोपांवर शिंपडली जाते. अस्क्यूनं राखलेलं लाकूड जाळलं तर आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला त्याच राखेत बसतो. क्रोमियमही आपलं निरुपद्रवी रूप टाकून पुन्हा जुन्या घातक रूपात येऊ शकतं. म्हणून ‘हे औषध लाकूड किती वर्षं टिकवतं?’ हा प्रश्न आपल्यासाठी अपुरा आहे. त्या लाकडाची राख कोणाच्या ताटाला लागणार, हेही त्याच तक्त्यात, त्याच रकान्याशेजारी लिहिलं गेलं पाहिजे. या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी एवढीच आहे. वाचकानं ती तपासून घ्यावी.

या दृष्टीनं पाहिलं की काही दुय्यम वाटणारी संशोधनं पुढे येतात. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचं मिश्रण, साधारण दीडास एक, बांबूला आणि छताखालच्या लाकडाला चांगलं लागू पडतं. ओल्या बांबूतला रस दाबानं बाहेर ढकलून त्याजागी हे द्रावण भरता येतं. त्याचा विषारीपणा आर्सेनिकच्या मानानं फार सौम्य. दोष एकच, पावसात ते धुपून जातं. उलट्या बाजूनं, फिनलंडमध्ये लाकूड दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्यातली बुरशीला भावणारी द्रव्यंच बदलतात. औषध शून्य, पण लाकूड ठिसूळ होतं, त्यामुळे तुळईला ते चालत नाही. बिब्याचं तेल, निंबोळीचं तेल यांच्याबद्दल आपल्याला प्रेम आहे. बंद काचपात्रात ती गुण दाखवतातही, पण उघड्यावर ऊन-पावसात लवकर हार खातात. प्रेमापोटी आकडे वाकवू नयेत.

लाकूड राखण्याचा खटाटोप कशासाठी, सिमेंट आहेच की, असंही कोणी म्हणेल. सप्टेंबर 1993 मध्ये किल्लारीच्या भूकंपात मातीदगडाच्या भिंती ढासळल्या, पण काही घरांत खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला होता. आमच्या हिंगोली जिल्ह्यानं 2024 मध्ये 4.5 रिश्टरचे धक्के सोसले आहेत. अजून माळवदाखाली झोपणारी माणसं इथे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरच्या मातीचा भार भिंतीत लपलेल्या त्या वीतभर टोकावर आहे. ते टोक तपासायला यंत्र लागत नाही. सुताराची आरी भिंतीच्या कडेनं तिरकी घालून पाहिली की कळतं.

या क्षेत्रातली अंतिम परीक्षा आजही साधी आहे. लाकडाच्या मेखा अर्ध्या जमिनीत पुरायच्या, ठरावीक काळानं उपटून पाहायच्या आणि किती उरलं ते लिहायचं. इंग्रजीत या जागेला दफनभूमी म्हणतात, आणि ओळीत उभ्या मेखा पाहिल्या की नाव पटतं. भारतीय मानकांत साठ सेंटिमीटर लांब, पाच बाय पाच जाडीचा गाभ्याचा तुकडा 120 महिने किंवा जास्त टिकला तर ते लाकूड पहिल्या वर्गात. साग तिथे बसतो. 60 महिन्यांच्या आत गेला तर तिसऱ्या वर्गात, आंब्याची जागा तिथे.

माझ्या शेताच्या धुऱ्यावर अशा बारा मेखा आहेत. बाभूळ, लिंब, आंबा आणि सागाची पांढरी कड, प्रत्येकी तीन : एक कोरी, एक जळकं ऑइल फासलेली, एक टाकणखारात भिजवलेली. आंब्याची कोरी मेख पहिल्याच दिवाळीला हातात आली. बाकीच्या यंदाच्या खळ्यानंतर उपटायच्या आहेत, कोणाला यायचं असेल तर आरी आणि वही घेऊन यावं.