अमझेरा : लढाई आणि खत

अमझेरा म्हटलं की आपल्याला चिमाजीअप्पांनी १७२८ मध्ये जिंकलेली लढाई आठवते. परवा तिथे तरुण शेतकऱ्यांच्या मेळाव्याला गेलो होतो. काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर रचून, मधूनमधून उलथून, तीन महिन्यांत खत कसं करायचं, ते पोरं एकमेकांना शिकवत होती. ही तर आपली ‘इंदूर पद्धत’! इंदूरला १९२४ मध्ये निघालेल्या शेती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्यासोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. मेळाव्यात हॉवर्ड दोघातिघांना ठाऊक होते, वाड कुणालाच नाही. पीककर्जाच्या अर्जांत खताचा खर्च मी वर्षानुवर्षं तपासला. म्हणून या बिनकर्जाच्या खताची किंमत मला कळते. मुलांना लढाई सांगाल तेव्हा वाडांचं नावही सांगा.