सरफेस आरटी : न सांगितलेला फरक

२६ ऑक्टोबर २०१२. मायक्रोसॉफ्टने स्वतः घडवलेला पहिला टॅब्लेट, ‘सरफेस आरटी’, बाजारात आला. पडद्यावर विंडोजच दिसे, डेस्कटॉपही ओळखीचा. परंतु आतली चिप एआरएम जातीची असल्याने विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालतच नसत. वर्ड-एक्सेल सोबत मिळत. बाकीची ॲप कंपनीच्याच ऑनलाइन स्टोअरमधून घ्यावी लागत.

हा फरक ग्राहकाला सांगायचा कोणी? जाहिरातीत तरुण मंडळी नाचत होती आणि कीबोर्ड टक्कन जोडत होती. (त्या कीबोर्डचे पैसे वेगळे, हेही तिथे कोणी सांगत नव्हते!) सारी भिस्त उरली विक्रेत्यांवर. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या दुकानांतले काही विक्रेतेच ‘आरटी’ व ‘विंडोज ८’ यांतील भेद चुकीचा सांगत असल्याची वृत्ते त्याच सुमारास प्रसिद्ध झाली.

यंत्राची बांधणी उत्तम होती. तथापि विंडोजचा संगणक समजून ते घरी नेणाऱ्याला फसवणूकच वाटणार.

जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगने आपला आरटी टॅब्लेट अमेरिकेत न आणण्याचे ठरवले. ग्राहकांना हा भेद समजावण्यासाठी करावा लागणारा मोठा खर्च, हे त्यामागचे एक कारण. जुलैत मायक्रोसॉफ्टने किंमत १५० डॉलरांनी उतरवली आणि पडून राहिलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरांचा तोटा हिशेबात दाखवला.

त्याच वर्षी आलेल्या पुढच्या टॅब्लेटचे नाव होते नुसते ‘सरफेस २’. ‘आरटी’ ही अक्षरे गाळली गेली. आतली प्रणाली मात्र आरटीच राहिली.