बंद झालेला बुधवार

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांचा इतिहास म्हटला की १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख पुढे येते. त्या दिवशी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तिचे महत्त्व मी कमी करीत नाही. परंतु गावाचा इतिहास शाळेतही घडत असतो, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

१९५८ साली आमच्या गावच्या एकशिक्षकी मराठी शाळेवर एक गुरुजी आले. शाळा चावडीत भरे. गुरुजी एकटे, म्हणून सात घरांनी त्यांना जेवणाचे वार लावून दिले. बुधवार आमचा. घर जैनांचे, तेव्हा दिवस मावळायच्या आत त्यांचे ताट वाढले जाई.

एवढे मी लहानपणापासून अभिमानाने ऐकले होते. पुढचा भाग नव्वदीला टेकलेल्या गुरुजींनीच माझ्या दवाखान्यात सांगितला. गावकुसाबाहेरची चार मुले चावडीच्या पायरीवर पावसात भिजत बसत. गुरुजींनी त्यांना आत, इतरांच्या रांगेत बसविले. एकेक वार बंद झाला. "डॉक्टर, बुधवारही बंद झाला होता," ते शांतपणे म्हणाले. काही महिने त्यांनी स्वतः चूल पेटविली. मुले मात्र आतच बसली.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर स्नानाला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, हे आपण व्याख्यानांत सांगतो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर आपले, असे म्हणताना ते बोर्डिंगही आपलेच होते, हे सोयीने विसरतो.

मग वार पुन्हा कसे सुरू झाले? मने पालटली म्हणून नव्हे. गरज पडली म्हणून. तंबाखू वखारीत घातल्यावर हाती येणारी पट्टी नीट वाचून हिशोब मांडणारे गावात गुरुजीच. एकाच्या पट्टीत वजनाची तूट जास्त धरली होती, ती त्यांनी दाखवून दिली. दुसऱ्या दिवसापासून लोक पट्ट्या घेऊन येऊ लागले. त्यांत माझे आजोबाही होते. त्या बुधवारी आमच्याकडून ताट गेले. पुढे गुरुजींनी पट्टीचा हिशोब मुलांच्या अंकगणितातच घातला.

१९८१ साली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्ग अडविला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्या रस्त्यावर आमच्या चावडीतले विद्यार्थी बसले होते, आणि आपल्या मालाचे किती बुडते हे त्यांना आकड्यांत सांगता येत होते.

आपल्या घरातील वृद्धांना जुन्या शाळेविषयी अवश्य विचारा. अभिमानाची गोष्ट सांगून झाली की उठू नका. पुढे काय झाले, तेही विचारा. मला बुधवारची हकीकत कळली तेव्हा आजोबांना जाऊन बरीच वर्षे झाली होती.